मायलेज

“ताई, मायलेज काय देते गाडी?” फाटक उघडताना वॉचमनकाकांनी हळूच विचारलं. मागे बेबी-सीटमध्ये तान्ही लेक पेंगत होती.

“दोन फेऱ्यांत एक डुलकी.”

शाळेत असताना डॉक्टरीणबाईंची लाल झेन दिसली की मी दप्तरासकट वाटेत थांबायची. मोठेपणी अशीच गाडी घेऊन गाणी लावत मालवणला जायचं ठरलेलं. आता तशीच जुनी झेन आहे. गाणी बंद ठेवून सोसायटीभोवती फिरवतेय. गाडी थांबली की लेक रडते.

आज पार्किंगमध्ये भीतभीत इंजिन बंद केलं. ती उठली नाही. मी काचा खाली केल्या, सीट मागे टाकली, चपला काढल्या.

“घरी नाही जायचं?” फाटक लावून आलेले काका कुजबुजले.

“जाऊ. आत्ता कुठे गाडीत बसलेय, काका.”