रिकामी खोली

भाऊबीजेला आलेली शर्वाणी आधी आईच्या खोलीत गेली. बाहेर अजून थंडी पडली नव्हती, तरी अंथरुणाला खिळलेली आई दोन गोधड्यांखाली गारठून गेली होती.

शर्वाणी तशीच ओवाळणीचं ताट घेऊन भावाकडे आली. हृषीकेश घामाने निथळत हॉट योगाच्या तापवलेल्या खोलीतून बाहेर पडत होता.

"नवं यंत्र बघितलंस? हीटरवर बंदी आल्यापासून उष्णता तयार करता येत नाही. एका खोलीतली दुसरीत ओढायची, बस."

"कुठल्या खोलीतली?"

"जिथे हालचाल नसेल, ती खोली ते रिकामी धरतं. स्वयंपाकघरातून ओढणारंही मिळत होतं, पण बायको म्हणाली, तिथे गारठ्यात कोण उभं राहणार?"

"आणि आई?"

"अगं, तिला कुठे काय कळतंय आता?"

शर्वाणीने ताट टेबलावर आदळलं. "पैशांचं पाकीट ठेव तुझ्याकडेच. ओवाळणी मी मागते ती दे. आईला उचलून योगाच्या खोलीत आण आणि आज तिच्या पलंगावर तू झोप. यंत्र मी बंद करणार नाही. आणि खबरदार, जरा जरी हललास तर!"