ओळखीच्या फायली

"चार लाख अकरा हजार फायली, काकू. आणि एकीलाही नाव नाही," दुरुस्तीवाला म्हणाला. "पण घाबरू नका. यातल्या बहुतेकींना मी ठशावरून ओळखतो."

काकू घाबरल्या नव्हत्याच. चाळीस वर्षं लोकांचे कपडे बेतून संसार उभा केलेली बाई. लेक दोन वर्षांपूर्वी आजारपणात गेली. मग तिचा लॅपटॉपही बंद पडला. डिस्कवरच्या फायली परत मिळाल्या, पण त्यांची नावं पुसली गेली होती. काकूंना एवढंच बघायचं होतं, की पोरीने इतकी वर्षं केलं तरी काय. नातेवाईक तोंडावर म्हणायचे, "ना नोकरी, ना काही. नुसती खुर्ची झिजवली."

दुरुस्तीवाल्याने प्रत्येक फाइलचा हॅश काढला. हॅश म्हणजे फाइलचा ठसा. आतलं एक अक्षर बदललं तरी ठसा बदलतो. जगभर वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअर पॅकेजांच्या ठशांची यादी त्याच्याकडे होती. यादीशी जुळेल ती फाइल सगळ्या जगाची. ती बाजूला. उरेल ते लेकीचं.

तासाभरात उरल्या त्र्याण्णव. दवाखान्याचे रिपोर्ट, विजेची बिलं, शेजारच्या मांजराचे फोटो.

तो ओशाळला. "काकू, तिने लिहिलेलं यात काहीच नाही."

"असं होणार नाही. माझी पोर रिकामी बसणारी नव्हती. तू बाजूला काढलेला ढीग बघ."

"अहो, त्या ओळखीच्या फायली आहेत. त्यांत तिचं काय असणार?"

"तरी बघ. तिचं नाव घालून शोध."

म्हाताऱ्या माणसाचं मन मोडायला नको, म्हणून त्याने नाव टाइप केलं. पडद्यावर ओळी सरसर उतरू लागल्या. थांबल्या तेव्हा एकशे चाळीस फायली झाल्या होत्या. प्रत्येकीच्या पहिल्याच ओळीत, लिहिणारी म्हणून, लेकीचं नाव.

सगळ्या एकाच पॅकेजच्या होत्या. त्याने पॅकेजचं नाव वाचलं. पुन्हा वाचलं. मग खुर्ची ओढून तो काकूंच्या शेजारी बसला.

"आपली जोडाक्षरं पडद्यावर तुटू नयेत म्हणून हे असतं, काकू. फुकट मिळतं. या दुकानात आलेल्या प्रत्येक कॉम्प्युटरवर मी पाच वर्षं हेच बसवतोय."