युकीचा आवंढा

“रडू आधी गळ्यात येतं, पोरी. मग डोळ्यांत.” तोक्योत तिला चित्रं काढायला शिकवणाऱ्या म्हाताऱ्या मोरीसानांचा तो आवाज वासंतीच्या कानांत अजून होता. म्हणून तर तिने काढलेली युकी रडण्याआधी आवंढा गिळायची.

आता वासंतीचा चित्रं काढणारा हात यंत्राने शिकून घेतला होता. युकीच्या ॲनिमेचा, म्हणजे जपानी धाटणीच्या चित्रमालिकेचा, नवा भाग रोज सकाळी नागपुरात तयार व्हायचा आणि जगभर जायचा. वासंतीने नुसतं बघून ‘चालेल’ म्हणायचं, की खाली तिचं नाव उमटायचं.

आजच्या भागात युकीची आई गेली आणि युकी एकदम घळाघळा रडली.

“आवंढा कुठे गेला रे, पराग?”

“कापला, ताई. तिथे बघणाऱ्यांची नजर पडद्यावरून हलते, यंत्राला कळतं ते,” निर्माता पराग हसला. “शेवटी रडायचंच आहे ना पोरीला, मग उशीर कशाला? म्हणा चालेल, लोक खोळंबलेत.”

वासंतीने थकून डोळे चोळले. मागच्या भागांतून आधी गवतावरचा वारा गेला, मग युकीचं गप्प बसणं गेलं. प्रत्येक वेळी ती चालेल म्हणाली होती. पडद्यावरचे अश्रू सुबक होते, थेट तिच्याच वळणाचे.

“नाही चालणार,” ती हळूच म्हणाली. “माझं नाव काढ, पराग. ही पोर माझी नाही.”