नव्वद टक्के न्हाणी

"प्रकल्पाला सुरुवात असते आणि शेवट असतो," जोतीराम सरांनी फळ्यावर लिहिलं आणि वळून म्हणाले, "ज्याला शेवट नाही त्याला प्रकल्प म्हणत नाहीत. त्याला संसार म्हणतात."

वर्ग हसला. दर तुकडी इथंच हसायची.

राजारामपुरीत दुसऱ्या मजल्यावर हा वर्ग भरायचा. सहा आठवड्यांत प्रकल्प व्यवस्थापनाची तोंडओळख. समोर वीस-बावीस जण होते. फौंड्रीतले सुपरवायझर, बिल्डरांकडची पोरं आणि नोकरी शोधून दमलेले दोघं-तिघं. पहिल्या दिवशी सर एकच उदाहरण देत. आजही ते त्यांच्या तोंडून आपोआप सुरू झालं.

"मुरगूडात एक म्हातारी आहे. एकटीच राहते. दोन वर्षांपूर्वी परसात घसरून पडली, मांडीचं हाड मोडलं. न्हाणी रिकाम्या गोठ्याच्या पलीकडं. मुलानं ठरवलं, घराला लागून नवी बांधायची. कामाचे तुकडे पाडले. प्रत्येक तुकड्याला तारीख दिली, प्रत्येक तारखेला एक जबाबदार माणूस. एकवीस दिवसांत काम फत्ते!"

म्हातारी खरी होती, सरांची आईच, आक्का. मोडलेलं हाड खरं होतं. एकवीस दिवसांचा रंगीत तक्ता तर लॅमिनेट करून तिच्या भिंतीवर कॅलेंडरशेजारी लावला होता. खोटी होती ती फक्त न्हाणी.

तक्त्यात सगळे धोके नोंदवलेले. पाऊस, वाळू, गवंड्याच्या भावकीतलं लग्न. मुलाचा तेवढा नोंदवायचा राहिला होता. गौरी-गणपतीला जाऊन आल्यावर सहा महिने त्याचं मुरगूडला जाणं झालं नव्हतं. रस्ता दीड तासाचा. दर रविवारी सकाळी मात्र न चुकता फोन. सर त्याला आढावा बैठक म्हणत.

"कुठवर आलं रं जोत्या?" आक्का विचारायची.

"नव्वद टक्के झालं बघ."

कागदावर झालंच होतं. उरलं होतं ते फक्त बांधणं.

ती कधी चिडली नाही. तेच जास्त लागायचं. उलट अलीकडं तिच्याच मागण्या वाढल्या होत्या. एका रविवारी खिडकी उगवतीला, पुढच्या रविवारी मावळतीला. नळ डावीकडं, मग उजवीकडं. सर दर वेळी नवा नकाशा काढत आणि हळूच सुटकेचा श्वास सोडत. ग्राहकच बदल सांगतोय म्हटल्यावर उशिराला आपण काय करणार? पुस्तकात या दुखण्याला नाव होतं. त्या नावावर त्यांनी अख्खा हिवाळा काढला. श्वास सोडला की पाठोपाठ आक्का दिसायची, काठी टेकत गोठा ओलांडणारी. मग ते तक्त्याचे रंग बदलत बसत.

वर्गात मात्र ती न्हाणी तुकडीगणिक सुधारत गेली. तिसऱ्या तुकडीला भिंतीला धरायची दांडी लागली. पाचवीला उंबरा काढून टाकला. "आणि आता," सर या सातव्या तुकडीला म्हणाले, "पांढरी फरशी, चोवीस तास गरम पाणी!"

"सर." खिडकीजवळची मुलगी उठली. संघप्रिया तिचं नाव. वडील गवंडी, त्यांच्या कामांना शिस्त लावायची म्हणून ती वर्गाला आलेली. "ही बाजारामागची आक्का न्हवं? काठीला लाल चिंधी बांधलेली?"

सरांनी खडू खाली ठेवला. "तू कुठली?"

"मुरगूडचीच की."

सातव्या तुकडीला सापडलो, सरांच्या मनात आलं. त्यात थोडं बरंही वाटलं.

"फरशी पांढरी न्हाय सर, निळी हाय," संघप्रिया म्हणाली. "आन् गरम पाणी न्हाय अजून. बाकी सगळं तुमी सांगिटलं तसंच."

"कुठली फरशी?"

"न्हाणीतली. माझ्या पप्पांनीच केली, दिवाळीच्या आदी. एकवीस न्हाय, अकरा दिवसांत. आक्कांनी भिंतीवरचा कागद काढून दिला. म्हणाल्या, ह्यात माझ्या पोरानं सगळं लिवलंय, निस्तं करायचं ऱ्हायलंय."

वर्ग पुन्हा हसला. या जागी पहिल्यांदाच.

सरांनी दहा मिनिटांची सुट्टी दिली, जिन्यात जाऊन उभे राहिले आणि फोन लावला.

"आज रविवार न्हाय की," आक्का म्हणाली. मग घाबरली. "बरा हाईस न्हवं? पोरं बरी हाईत?"

"आक्का, न्हाणी झाली?"

पलीकडून नळाची धार ऐकू येत होती. ती बंद झाली.

"कुणी सांगिटलं तुला?"

"दिवाळीपासनं वापरतीस! मग खिडकी हिकडं घे, नळ तिकडं घे, परवा दार फिरवून घे म्हणालीस, ते कशाला?"

आक्का बोलली ती चोरी पकडली गेल्यासारखी, अगदी बारीक आवाजात.

"काम झालं म्हणून सांगिटलं असतं, तर रविवारी तू फोन कशापायी केला असतास?"