एक मिनिट बोला
सुई पाहताच केसरीनाथ सरांचा चेहरा पांढराफटक पडला. दिपिकानं त्यांच्या मुठीत रबरी चेंडू दिला. तीन वर्षांपूर्वी लॅब टेक्निशियनच्या कोर्सला हेच सर संवादकौशल्य शिकवायचे. असाच चेंडू देऊन मिनिटभर स्वतःबद्दल बोलायला लावायचे. गणेशपुरीपलीकडच्या पाड्यावरून आलेली दिपिका दुसऱ्याच वाक्याला अडखळली, तेव्हा तिच्याच बोलीची नक्कल करत ते म्हणाले होते, "पेशंटशी बोलनं तुजं काम न्हाय. वडप्याला गोदामात पॅकिंगला जा." वर्ग खिदळला होता. आज भिवंडीतल्या तिच्या लॅबमध्ये बाकावरचे पेशंट ऐकत होते. "घाबरू नका, सर," ती गोडीनं म्हणाली, "चेंडू दाबा आणि मिनिटभर स्वतःबद्दल बोला." सरांचे ओठ हलले, शब्द फुटेना. सुई कधी शिरली, कधी निघाली, त्यांना कळलंही नाही. दिपिकानं कापूस दाबला. "बोलनं तुमचं काम न्हाय, सर. वडप्याला पॅकिंगला जा."