समुद्राचा तक्ता

गुरुजींनी फळ्यावर समुद्राचा तक्ता टांगला आणि पितांबर नाना मांडीवर थाप मारून हसला.

"गुरुजी, इथं तापीचं वाळवंट व्हायची वेळ आली, आन तुम्ही समुद्र दाखवता? आपल्या गावात समुद्र कुठी हाये?"

शाळेच्या खोलीत बसलेली सगळी माणसं हसली. नाना हसला की हसायचं, ही गावाची रीतच होती. ज्याच्या केळीची सहा हजार खोडं, त्याच्या विनोदाला कोण नावं ठेवणार? वैशाखात गावातल्या विहिरी तळाला गेल्या होत्या, तरी मागच्या रांगेतल्या दोघांनी नानाकडे बघून आणखी एकदा हसून घेतलं.

आता हसण्यासारखं होतं, हेही खरंच. पाणलोटाचं शिक्षण म्हणून वरून पेटी आली होती, आणि तिच्यात निघाल्या लाटा, होड्या, खारफुटीची झाडं आणि समुद्राने गिळलेली गावं. पाठवणाऱ्याने वरणगावाकडचा हा मुलूख नकाशात तरी पाहिला होता की नाही, देव जाणे. पण जीवराम गुरुजी हट्टी. फुकट आलेलं साहित्यही वाया जाऊ द्यायचं नाही, असा त्यांचा स्वभाव. वीस तक्त्यांतून त्यांनी हा एक निवडला होता. त्यात जमीन उभी कापून दाखवली होती. वर दोन विहिरी, मधे बांध, कडेला समुद्र.

"एक जण हावऱ्यासारखं उपसतो," गुरुजी म्हणाले. "मग समुद्र जमिनीच्या पोटातून सरकतो. त्याला बांध दिसत नाही. शेजाऱ्याला कळतं तेव्हा त्याची विहीर गेलेली असते."

"तुमची बोटं काहून अशी रंगली गुरुजी? मेंदी लावली का?" नानाने मधेच विचारलं. पुन्हा हशा पिकला. गुरुजींनी डागाळलेली बोटं धोतरात लपवली आणि टेबलावरचा कागद पुढे सरकवला.

कागदावर ठराव होता. विहिरीत उतरून कडेच्या खडकात, दुसऱ्याच्या शेताकडे आडवे बोअर कोणी मारायचे नाहीत. नानाची सही पहिली पडली असती तर बाकीच्यांनी निमूट अंगठे उमटवले असते. नानाने कागद उचलला, पंख्यासारखा हलवून दोनदा वारा घेतला आणि ठेवून दिला.

दाराशी बसलेली बेबाबाई ते बघत होती. नानाचा आणि तिचा बांध एकच. दोघांच्या विहिरींत शंभर फूटसुद्धा अंतर नव्हतं. नानाची विहीर कोरडी पडली होती, बेबाबाईची टिकून होती. पंचायतीची विहीर आटल्यापासून अख्खं गाव तिच्याच पाण्यावर होतं, नानाचं घरदेखील. तिची आठशे खोडं नुकती निसवली होती, घड बाहेर पडत होते. अजून महिनाभर पाणी मिळालं तर वर्षाचं पीक हाती, नाहीतर उभं पीक जाणार.

"नाना," ती म्हणाली, "तुमची मशीन दोन दिवसांपासून माह्याच बांधाकडे तोंड करून चालू हाये."

"माही इहीर, माही मशीन. मी कुठीबी भोक पाडीन. तुह्या पोटात काहून दुखतं?"

या प्रश्नाचं उत्तर सगळ्या खोलीला ठाऊक होतं. सगळ्या खोलीने छताकडे पाहिलं. छपराच्या कैच्यांवर बसलेल्या चिमण्या एकाएकी फार महत्त्वाच्या झाल्या होत्या.

तेवढ्यात मशीनवरचा झुलाल धापा टाकत आला. हातात पितळी तांब्या.

"नाना, पानी लागलं. नव्वद फुटावर. मनगटाएवढी धार."

नव्या पाण्याचा पहिला तांब्या मारुतीला घालायचा आणि मग गुळाबरोबर घोट घोट वाटायचा, अशी तिकडची पद्धत. नानाने आज मारुतीलाही थांबवलं होतं. पाणी आधी शाळेत आणायचं, असं त्याने झुलालला सकाळीच बजावलं होतं. पाहुण्यांसाठी ठेवलेला काचेचा ग्लास त्याने पुढे ओढला आणि काठोकाठ भरला.

"घ्या गुरुजी. हा आमच्या गावातला समुद्र. खारा लागते का पाहा."

गुरुजींनी ग्लासाला हात लावला नाही. पाणी गुलाबी होतं.

"मुरमाचा रंग हाये," नाना म्हणाला. "उपसलं की जाईन."

बेबाबाई उठून पुढे आली. तिने ग्लास खिडकीच्या उजेडात धरला. मग गुरुजींचा हात धरून बोटं सगळ्यांना दाखवली.

"मुरूम नही, नाना. गाव पिते म्हनून गुरुजींनी सकाळी माह्या इहिरीत जंतू मारायचं लाल औषध टाकलं. बादली मीच धरली व्हती."

कोणी हसलं नाही. नानाने मागच्या रांगेकडे पाहिलं. त्या दोघांनीही मान खाली घातली. नानाचं बोअर खडकातला झरा शोधत गेलं नव्हतं, ते सरळ तिच्या विहिरीच्या भिंतीतून आरपार निघालं होतं, आणि आठशे खोडांचं पाणी या घडीला त्याच्या खड्ड्यात पडत होतं.

"झुलाल," बेबाबाई म्हणाली, "लाकडाची खुंटी ठोक आन ते भोक बुजव. पहिले जा."

झुलालने सवयीने नानाकडे पाहिलं. मग न विचारता वळला आणि पळत सुटला.

बेबाबाईने तो गुलाबी ग्लास नेऊन समुद्राच्या तक्त्याखाली ठेवला आणि पितांबर नानाकडे वळून विचारलं, "कोन म्हनत व्हतं, आपल्या गावात समुद्र नही?"