उपाशी बेट

मोजणीदार नरहरी टिळेकरांचा किनारा चौथ्यांदा नऊ हात जास्त भरला. विषुववृत्ताजवळचं ते बेट प्रयोगशाळेत घडवलेल्या जिवंत पोवळ्याचं. कोळणी माशांची मुंडकी टाकतील तिकडे हावरटासारखं वाढायचं. नकाशा पुरा करून शुक्रवारची बोट धरली नाही, तर लेकीचं लग्न हुकणार होतं. वैतागून त्यांनी हुकूम काढला, "तीन दिवस बेटाला कुणी काही घालायचं नाही."

नकाशा तंतोतंत जुळला. पण शुक्रवार उलटला तरी बोट काही येईना.

"येईल कशी?" आवडाबाय कोळीण म्हणाली. "उपाशी ठेवलंत ना, साहेब. बेट चरायला निघालंय."

टिळेकरांनी ठिकाण दाखवणारं यंत्र पाहिलं. बेट साठ मैल सरकलं होतं. त्यांनी जेवणाचा डबा घराच्या दिशेच्या पाण्यात रिकामा केला.